सिग्नलला उभ्या गाड्या

आमच्या घरच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ आला. वर लिहिलेलं, 'शेवटपर्यंत बघा!' दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर संथपणे चाललंय, मागून एक लहान लढाऊ विमान वळण घेत येतं आणि थेट त्याच्यात घुसतं. बॉम्बरचे दोन तुकडे. याला कुणीतरी दणदणीत संगीत जोडलं होतं. ही घटना १२ नोव्हेंबर २०२२ची, अमेरिकेतल्या डॅलसच्या एअर शोमधली. सहा माणसं गेली. ग्रुपवर मात्र दहा मिनिटांत निकाल लागला होता: "एवढी जुनी खटारी उडवायचीच कशाला? आपल्या मिगसारखीच उडती शवपेटी."

हे वाचून ग्रुपवर एकच माणूस खवळणार होता, आणि तो खवळलाच. काका. नाशिकजवळच्या ओझर मिगला, म्हणजे विमानांच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. हवाई दलाचं मिग-२१ लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडहून निवृत्त झालं, तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले होते. त्यांनी लिहिलं, "विमान जुनं आहे म्हणून पडत नाही. हयगय केली की पडतं."

काकांचं म्हणणं भावनेच्या भरातलं वाटेल, पण डॅलसपुरतं ते बरोबरच आहे. तिथे दोन्ही विमानं ठणठणीत होती. कोण किती उंचीवर राहणार, हे उड्डाणाआधी ठरवलंच नव्हतं. सगळी भिस्त जमिनीवरून ऐन वेळी मिळणाऱ्या सूचनांवर. २०१९मध्ये कनेक्टिकटला पर्यटकांना फिरवणारं असंच एक बी-१७ पडलं आणि सात जण गेले. तिथे इंजिनांच्या देखभालीतला ढिसाळपणा चौकशीत निघाला. म्हणजे पुन्हा हयगयच.

पण मला काकांशी वेगळं भांडायचं होतं.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला राहतो. कामाला जाताना ए-२७ रस्त्यावर शोरम विमानतळाजवळचा सिग्नल लागतो. डोंगरावर लॅन्सिंग कॉलेजचं भलंमोठं चॅपेल, उजवीकडे धावपट्टी. २२ ऑगस्ट २०१५ला इथे एअर शो होता. हॉकर हंटर जातीचं जुनं जेट हवेत उभी गोल गिरकी घेऊन खाली आलं ते या रस्त्यावरच. हंटर म्हणजे १९७१ला लोंगेवालात पाकिस्तानी रणगाडे फोडणारं तेच विमान, काकांच्या खास मर्जीतलं. गिरकीच्या माथ्यावर किमान ३५०० फूट उंची हवी होती. विमान २७०० फुटांच्या आसपासच पोचलं होतं. अकरा जण गेले. पायलट वाचला.

त्या अकरांपैकी एकही जण मैदानात खुर्ची टाकून बसलेला नव्हता. कुणी फुटबॉलच्या मॅचला निघालेलं, कुणी नुसतंच तिथून चाललेलं, कुणी रस्त्याकडेला थांबून वर बघणारं. मैदानातल्या प्रेक्षकांपासून विमानाने किती लांब राहायचं याचे नियम होते, कुंपणाबाहेरच्या रस्त्याचा विचार तोकडा पडला. नंतर इथल्या नियामकांनी जुन्या जेट विमानांच्या, समुद्र सोडून जमिनीच्या वर होणाऱ्या कसरती बंद केल्या, सरळ उडत जाण्यापुरतीच मुभा ठेवली. मला ते पटतं. जुनी विमानं जरूर उडवावीत. कसरती दाखवायच्याच तर समुद्रावर दाखवाव्यात, किनारा काय कमी आहे इथे?

इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. पायलट २०१९मध्ये निर्दोष सुटला, आणि मृत्यूंच्या वेगळ्या चौकशीत ते बेकायदा कृत्यामुळे झाले असा निष्कर्ष यायला २०२२चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं! आपल्याकडच्या तारीख पे तारीखला हसायला मला तोंड नाही. पण एक गोष्ट मी इथे शिकलो. कॉकपिटमधलं चित्रीकरण पोलिसांना द्यावं, पण पायलटने अपघात-तपासनीसांना दिलेले जबाब देऊ नयेत, असा निकाल २०१६मध्ये उच्च न्यायालयाने दिला. ते जबाब खटल्यात वापरले गेले, तर पुढचा पायलट तोंडच उघडणार नाही. आणि आपल्याकडे? अहमदाबादच्या अपघातानंतर प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या संभाषणाचा ओझरता उल्लेख आला, आणि त्यावरून कट्ट्याकट्ट्यावर न्यायाधीश बसले. आमचा ग्रुपही बसला. मीही एक निकाल टाइप करून मग पुसला होता.

काका शवपेटी या शब्दावर चिडतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर विमान असतं. शब्द वापरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पायलट असतो. ८ मे २०२३ला राजस्थानात हनुमानगढ जिल्ह्यातल्या बहलोलनगरला मिग-२१ एका घरावर पडलं. पायलट बाहेर पडला, वाचला. तीन बायका गेल्या. ग्रुपवर तेव्हाही विमान जुनं की चांगलं यावरच जुंपली होती. मोबाइलचा कॅमेरा विमानाच्या मागे धावतो, आणि वादही त्याच्याच मागे.

हे मी काकांना फोनवर सांगून पाहिलं. "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं," म्हणाले. मग मे महिन्यात ते आमच्याकडे आले. अडूर नदीवरच्या जुन्या लाकडी पुलावर मी त्यांना घेऊन गेलो. तिथे काठावर अकरा कमानी उभ्या केल्या आहेत, प्रत्येकीची नक्षी वेगळी. काकांनी आधी धावपट्टीची दिशा विचारली, वाऱ्याचा अंदाज घेतला, हाताने हवेत गिरकी काढून कुठे चुकलं असेल ते मला समजावलं. सवयच ती. कमानींपाशी मात्र एकेक नक्षी बघत बराच वेळ गेला.

परतीला सिग्नल लाल लागला. आमच्या पुढे आठ-दहा गाड्या.

"इथेच?" काकांनी विचारलं.

"हो."

त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून वर पाहिलं. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं मला कळलं.