‘शेवटी तेलच ते’ म्हणणाऱ्यांसाठी दोन वाट्या

परवा मालगुंडच्या भाच्याने एक मेसेज ढकलला: ‘जुन्या जीपला दणकट अ‍ॅक्सल आणि डिस्क ब्रेक, घरच्या अंगणात, एका दिवसात.’ खाली सूचनांची माळ, आणि त्याखाली त्याची स्वतःची भर: “मामा, शनिवारी ये. चिरे आणून ठेवलेत.” म्हणून हे लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

चिऱ्यांचं आधी. ‘उचललेली गाडी टेकवायला स्टँड नसेल तर जांभ्याचे चिरे लावा.’ चिऱ्याची भिंत टिकते कारण वजन अख्ख्या चिऱ्यावर पसरतं. चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, कड बोटभर जागेवर टेकली की तोच चिरा न सांगता फुटतो, आणि खाली तुम्ही पाना घेऊन उताणे.

‘ब्रेक ऑइल नसेल तर इंजिन ऑइल घाला, शेवटी तेलच ते.’ इथे माझं डोकं फिरलं. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. ब्रेक ऑइलचे डॉट 3, डॉट 4 हे प्रकार ग्लायकॉल या रसायनावर बनतात आणि ब्रेकमधली रबरं त्यांनाच मानवणारी असतात. इंजिन ऑइल लागलं की ती फुगतात. खोटं वाटतं? व्हील सिलेंडरच्या, म्हणजे चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, किटमधले दोन रबरी कप मी दोन वाट्यांत टाकले, एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत इंजिन ऑइल. तीन दिवसांनी पहिला होता तसाच. दुसरा लिबलिबीत, सिलेंडरच्या तोंडातच शिरेना. पेडलखालच्या मास्टर सिलेंडरमध्ये, जिथून ऑइल चाकांकडे ढकललं जातं, हेच झालं की ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलं जातं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाकं तापत राहतात. वर डॉट 3 हवेतलं पाणी शोषतं: कोरडं असताना किमान 205 अंशांपर्यंत न उकळणारं ऑइल, पाणी मुरल्यावर 140 पर्यंतच भरवशाचं. आणि आमच्या घरात बुच सैल बाटली अख्खा पावसाळा पडवीत असते! ऑइल उकळलं की पाइपात वाफ, ती नुसती दाबली जाते, आणि पेडल थेट तळाला. भाचा कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरतो. चुकून इंजिन ऑइल गेलंच, तर नुसतं उपसून भागत नाही. मास्टर सिलेंडरपासून होसपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात.

‘जुने पाइप तेच ठेवा.’ खाऱ्या हवेत? क्लिप सोडवून तिच्याखाली नख मारून बघा, गंजाचे पापुद्रे हातात येतील.

‘फक्त मागचा अ‍ॅक्सल बदला.’ अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) पुढे 5.38 आणि मागे 4.88 असं झालं, तर फोर व्हील टाकल्यावर चाकांच्या वेगात दहा टक्के फरक. वाळूत चाकं घसरून निभावतं, डांबरावर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस रडते.

बरं, मोठे टायर घातल्यावर मूळ अ‍ॅक्सल कमी पडतो, हे खरं. वहाळातून निघाल्यावर डिस्क ड्रमपेक्षा लवकर सावरते, हेही. पण मास्टर सिलेंडर डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरला पुरणारा हवा, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल हवा. त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

‘आरटीओला कळत नाही.’ मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने बदललेलं कलम 182अ वाचा: नियमांत न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हां!

भाच्याला वाट्यांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: “मग शनिवारी येतोस ना?” येतो. स्टँड माझे आणतो, आणि आधी पाइप बघू.