बत्तीस बोर, कुंकवासहित

“रिव्हॉल्व्हर १ नग, जुने, बिजागरीजवळ चीर, कुंकवासहित.”

बंदुकीच्या दुकानदाराने काल दिलेल्या पावतीवर हे असं लिहिलंय. म्हटलं, ते ‘कुंकवासहित’ तेवढं खोडा. तर म्हणाला, “आत जे आहे ते लिहावं लागतं साहेब. उद्या तुम्हीच विचाराल, आमचं कुंकू कुठं गेलं?”

रिव्हॉल्व्हर आजोबांचं. ते लाकडाचे ठेकेदार, मजुरांचा पगार रोख घेऊन रानात जायचे, म्हणून घेतलेलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, बत्तीस बोर. त्यातून कधी गोळी सुटल्याचं घरात कुणी पाहिलेलं नाही. परवाना आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आला, पण हत्याराचा खरा ताबा काकूकडे. दर खंडेनवमीला विळी, पाना-पक्कड आणि माझ्या लॅपटॉपच्या रांगेत ते पाटावर बसतं. आधी पाणी शिंपडणं, मग हळद, कुंकू, झेंडू. लॅपटॉपला ती लांबूनच अक्षता टाकते, कारण तो बिघडला तर मी ओरडतो. रिव्हॉल्व्हर बिचारं ओरडत नाही. खरं तर ओरडणं हे त्याचं एकमेव काम होतं.

ही मधून मोडून उघडायची जात. मागचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. सगळा भार बिजागरीवर. तिथेच फ्रेमला चीर गेलीय. मला ती दिसतच नव्हती. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, दिव्याखाली फ्रेम तिरकी धरली आणि मला बोलावलं. काळपट पोलादावर केसाएवढी लालभडक रेघ. वर्षानुवर्षांचं कुंकू चिरेत जाऊन बसलेलं. ती रेघ बिजागरीपासून निघून खाली उतरते आणि थेट कारखान्याने ठोकलेल्या नंबराच्या शेवटच्या आकड्यातून जाते. त्यामुळे तो ३ आहे की ८, हे आता कुंकवालाच ठाऊक.

“वेल्डिंग करून टाका,” मी म्हटलं.

“नंबर जाईल.”

“मग फ्रेमच बदला.”

दुकानदाराने भिंग खाली ठेवलं. फ्रेम म्हणजेच हत्यार, बाकी सगळे सुटे भाग, हे त्याने मला समजावलं. नळी बदला, घोडा बदला, मूठ बदला, पण फ्रेम बदलली की नंबर बदलला आणि नंबर बदलला की हत्यार दुसरं. परवान्यावर पहिलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुट्या भागालाही शस्त्रच म्हणतात, तेव्हा फ्रेम काही टपालाने मागवता येत नाही. वर ज्याच्याकडच्या हत्याराचा नंबर खोडलेला सापडेल, त्यानेच तो खोडला असं धरून चालायचं, असं त्याच कायद्याचं आठवं कलम सांगतं. नाही खोडला, हे आपण सिद्ध करायचं. काकूला साक्षीला नेऊ का?

एवढ्यात बाकावरून आवाज आला, “काय झालंय वो पावणं?”

हे मामा मघापासून ठासणीची बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसले होते. पीक संरक्षणाचा परवाना. डुकरं भुईमूग ठेवत नाहीत म्हणून. बंदुकीच्या दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली, तारेवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मुलीच्या केसांचं रबर.

“फ्रेम चिरलीय मामा.”

“येवढंच व्हय!” मामा उठून आले. हात न लावता त्यांनी रिव्हॉल्व्हरभोवती एक प्रदक्षिणा घातली. “माझा मेव्हणा हाय कोल्हापुरात, उद्यमनगरात. फौंड्री हाय त्याची. आता ह्येचा साचा घ्यायचा, रस वतायचा, सांजच्याला फ्रेम हातात. नंबर म्हणशीला तो ठोकून दील.”

“मामा, हळू बोला,” दुकानदार दाराकडे बघत म्हणाला. “सात वर्षं आहेत. कमीत कमी.”

“सातच?” मामांना हसू आवरेना. “आवो, सात वर्षांची ग्यारंटी कुणीबी दील. माझा मेव्हणा जन्माची देतोय.”

“तीही आहे. जन्मठेप.”

“काय?”

“विनापरवाना हत्यार बनवायची शिक्षा सांगतोय. २०१९ ला वाढवलीय.”

मामा जरा गप्प झाले. पण माणूस खचणारा नव्हता. “मग बनवू नगा. तार गुंडाळा. ही बघा, आमच्या आज्ज्याची हाय, बार टाकला की आजून रान हादरतंय.” मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, “तुमी कशाला वापरताय ह्ये?”

“वापरत नाही.”

“मग मोडलं कसं?”

याला उत्तर नाही. दुकानदार हसला, त्याचा पोऱ्या हसला. मामांची बंदूक पोऱ्याने आतून गजाने साफ केली, घोड्याचा स्क्रू आवळला, मामांनी पैसे मोजले आणि “मेव्हण्याचा नंबर पायजे आसंल तर सांगा” म्हणत ते एसटी गाठायला निघून गेले. ज्याची बंदूक रोज राबते त्याचं काम चहा निवायच्या आत झालं. मी मात्र भिंग, कलम आणि पावती घेऊन उभा.

नवीनच घ्या, असाही सल्ला मिळाला. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं बत्तीस बोर काढलं, तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. एवढे पैसे काकूच्या पाटावर ठेवण्यापेक्षा मी पाटच चांदीचा करीन. आणि नवीन घ्यायचं तर आधी जुन्याची विल्हेवाट दाखवा, असं कचेरीतलं टेबल म्हणतं. विल्हेवाटीच्या अर्जात नंबर लिहावा लागतो. परवान्यावरचा लिहा ना, मी म्हटलं. तर म्हणे परवान्यावरचा आणि हत्यारावरचा ताडून बघावा लागतो. मग ताडा. ताडणार कसा, तो वाचता येत नाही! हे बोलणारा गृहस्थ चिडलाही नव्हता, याचा मला जास्त राग आला. परवान्याचं शुल्क घेताना मात्र याच टेबलाला सगळे आकडे लख्ख वाचता येतात.

आज सकाळी पोलीस ठाण्यातून फोन. निवडणूक आहे, हत्यार जमा करा. नियमाने म्हणे कुणाचं जमा करायचं हे छाननी समिती ठरवते, पण आमच्या घराची छाननी फोनवरच उरकते.

“दुरुस्तीला दिलंय,” मी म्हटलं.

“दुकानदाराचं पत्र आणा. हत्याराच्या नंबरासहित.”

दुकानदाराला फोन लावला. पत्र द्यायला तो एका पायावर तयार. फक्त विचारलं, “शेवटी तीन टाकू की आठ?”

परवान्यावर आहे तोच टाका, म्हटलं.

“परवाना तुमच्याकडे आहे ना?”

परवाना कचेरीत. ताडून बघायला ठेवून घेतलाय.