आधी निष्कर्ष, मग संशोधन

विद्यापीठात संशोधन करायला निघालात, अभिनंदन. विषय समाजाचा असो, खेळाचा असो की आरोग्याचा, एक गोष्ट आधीच गाठीला बांधून ठेवा. 'काहीच सापडलं नाही' हे वाक्य संशोधकाने तोंडातून काढायचं नसतं. त्यावर पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून येत नाही, पेपर नाही म्हणून बढती अडते, आणि पुढचं अनुदान कोणाला मिळतं हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा काहीतरी सापडलंच पाहिजे. सापडतंही. फक्त शोधायची पद्धत ठाऊक हवी.

संशोधनाला माणसं लागतात. त्यासाठी फार लांब जाऊ नका. तुमच्या शीर्षकात 'मानवी वर्तन', 'आजची तरुण पिढी', 'समाजमन' असं जे काही येईल, त्या सगळ्याचं प्रतिनिधित्व करायला तुमच्याच विभागाचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग समर्थ आहे. हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन या तिघांनी २०१० मध्ये कुरकुर केली होती, की 'माणूस असा वागतो' असं जे मानसशास्त्र सांगतं, ते बहुतांशी पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांवर आणि त्यातही कॉलेजच्या पोरांवर बेतलेलं आहे. म्हणू दे. वर्ग तुमच्या समोर बसलाय आणि हजेरीपट तुमच्या हातात आहे. फॉर्मच्या डोक्यावर 'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे' असं ठळक अक्षरांत लिहा, आणि अंतर्गत गुणांचा विषय त्याच तासाला काढा.

प्रश्नावली लांबलचक हवी. चाळीसेक विधानं, प्रत्येकापुढे 'पूर्णपणे असहमत'पासून 'पूर्णपणे सहमत'पर्यंत पाच गोल. एका विधानात दोन गोष्टी कोंबल्या तर उत्तम: 'मी नियमित व्यायाम करतो आणि त्यामुळे मला आनंदी वाटतं.' जो व्यायाम करतो पण मनातून वैतागलेला असतो, त्याने कुठे खूण करायची? मधल्या गोलावर. तिसऱ्या पानापासून तर सगळ्यांचीच बोटं त्या मधल्या रांगेवरून सरळ खाली घसरतात, वाचायचीही गरज उरत नाही. काही आगाऊ लोक मध्येच 'हे वाचत असाल तर असहमत निवडा' असला प्रश्न घालतात. तुम्ही घालू नका, निम्मा वर्ग बाद व्हायचा. या सगळ्याची सरासरी काढा आणि ती दोन दशांश स्थळांपर्यंत छापा. '३ च्या आसपास' लिहिलं तर लोक शंका काढतात, '३.१७' लिहिलं की माना डोलवतात.

आता मुख्य कसब. रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये ०.०५ ही एक सोयीची रेघ सुचवली. म्हणजे असं, की प्रत्यक्षात काहीही परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर निष्कर्षाची दखल घ्यावी. बिचाऱ्याने खबरदारी म्हणून सांगितलं होतं. तुम्ही त्यातली संधी बघा. वीस वेगवेगळी नाती तपासलीत, तर एकातही तथ्य नसलं तरी सरासरीने एक हाताला लागणारच. त्या एकावर पेपर लिहायचा. उरलेली एकोणीस तुमच्या लॅपटॉपमध्ये सुखाने नांदू द्या.

हे खरंच चालतं का, अशी शंका असेल तर २०१५ सालचा चॉकलेटचा किस्सा ऐका. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम, पोल खोलण्यासाठीच, पंधरा माणसांवर एक आहारप्रयोग केला आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशी अठरा मोजमापं घेतली. अठरातलं काही ना काही चमकणार हे त्याला ठाऊक होतं, चमकलं वजन. 'चॉकलेटमुळे वजन लवकर उतरतं' ही बातमी देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी आनंदाने छापली. किती माणसांवर प्रयोग केला, हे विचारायला जवळजवळ कोणी फिरकलंच नाही.

वैद्यकीय बाजूला असाल तर याहून मोठी सोय आहे: उपगट. औषध सगळ्यांना मिळून लागू पडत नसेल, तर बायकांना पडतंय का बघा, नाहीतर साठीच्या पुढच्यांना, नाहीतर डावखुऱ्यांना. १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हार्ट अटॅकच्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात, हे त्यात स्पष्ट दिसलं होतं. उपगटांचा हव्यास किती धोक्याचा आहे हे दाखवायला त्या संशोधकांनी रुग्णांची जन्मतारखेवरून राशीनुसार विभागणी केली, तर मिथुन आणि तुला राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा काहीच फायदा नाही असं निघालं! त्यांनी हे थट्टेने लिहिलं. तुम्ही मात्र चेहरा गंभीर ठेवून लिहा, आणि राशीऐवजी 'जन्मकालीन ऋतू' म्हणा.

खेळाच्या संशोधनात तर मोकळं मैदान आहे. संघच अकरा जणांचा, त्यातले दोघे जायबंदी, तेव्हा नमुना लहान का, असं कोणी विचारत नाही. पण माझा आवडता अभ्यास निराळा आहे, आणि प्रत्येक नवशिक्याने तो वाचावा असं मला वाटतं. सावळ्या-काळ्या फुटबॉलपटूंना पंच जास्त लाल कार्डं दाखवतात का, या प्रश्नावर एकच डेटा २९ टीमना देण्यात आला. एकूण ६१ विश्लेषक. २०१८ मध्ये निकाल छापून आला: २० टीमना 'होय, दाखवतात' असं ठळकपणे दिसलं, ९ टीमना तसं ठामपणे म्हणता येईना. प्रश्न तोच, आकडे तेच, आणि सगळी माणसं प्रामाणिक. कोणी खेळाडूची मैदानावरची जागा हिशेबात धरली, कोणी नाही, कोणी एक संख्याशास्त्रीय मॉडेल लावलं, कोणी दुसरं. बहुतेक लोक यातून 'जपून बोलावं' असा भलताच धडा घेतात. अहो, नीट बघा! एका डेटातून २९ उत्तरं निघत असतील तर २९ टीम कशाला हव्यात? खोलीचं दार लावून घ्या, एकट्यानेच २९ वेळा चालवा आणि आवडेल ते छापा. बाकीच्या अठ्ठावीस वेळा तुम्ही 'डेटाशी ओळख करून घेत होतात'.

उपचाराची चाचणी घ्यायची झाली तर माणसं अशी निवडा की निकाल बिघडूच नये. २०१८ च्या नाताळात ब्रिटिश मेडिकल जर्नलने एक चाचणी छापली. २३ जणांनी विमानातून उडी मारली, काहींच्या पाठीला पॅराशूट, काहींच्या पाठीला रिकामी सॅक. दोन्ही गटांत कोणालाच गंभीर इजा नाही, म्हणजे पॅराशूट निरुपयोगी! विमान जमिनीवर उभं होतं आणि उडी सरासरी ०.६ मीटरची होती, हे लेखकांनी प्रांजळपणे सांगून टाकलं. इथेच ते चुकले. अशी माहिती परिशिष्टात टाकायची असते.

प्रसिद्धिपत्रक स्वतः लिहा. २०१४ मध्ये वीस ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ पत्रकं तपासली, तेव्हा चाळीस टक्के पत्रकांत लोकांना दिलेला सल्ला मूळ पेपरपेक्षा फुगवलेला होता. तरी शिव्या पत्रकारच खातात.

दोन संकटांपासून मात्र सांभाळा. पहिलं म्हणजे पूर्वनोंदणी, म्हणजे काय मोजणार हे चाचणीआधीच जाहीर करणं. अमेरिकेतल्या सरकारी अनुदानाच्या मोठ्या हृदयरोग चाचण्या कोणीतरी मोजून पाहिल्या. नोंदणीची सक्ती येण्यापूर्वीच्या, म्हणजे २००० सालापर्यंतच्या, ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये दिसला. औषधं अचानक इतकी नालायक कशी झाली, याचा विचार करत बसू नका. नोंदणी करायची वेळ आलीच, तर 'जीवनमानाचे विविध पैलू' मोजणार असं लिहा, त्यात काहीही बसतं.

दुसरं संकट म्हणजे तुमचा प्रयोग पुन्हा करून बघणारे रिकामटेकडे. २०१५ मध्ये त्यांनी मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी ०.०५ ची रेघ पार केली होती, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांनीच केली. असं कोणी तुमच्या दारात आलं तर सांगा, या प्रयोगाला हातात एक जादू लागते, ती तुमच्याकडे दिसत नाही. आणि पेपरच्या शेवटी आठवणीने छापा: 'योग्य विनंती आल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.' कोणती विनंती योग्य, हे तुम्हीच ठरवणार आहात.