थांबा म्हणे, दिवस बरे नाहीत

"आत्ता गाडी घ्यायचे दिवस नाहीत," हे सांगलीहून दादाचं ठरलेलं पालुपद. कारण तेवढं दर वेळी नवं. 2024 मध्ये आधी लोकसभा होऊ दे, मग विधानसभा होऊ दे. मग ट्रम्पसाहेबांचं 50 टक्के आयातशुल्क आलं. आमच्या घरातून अमेरिकेला काडीही जात नाही, पण सांगलीच्या विश्रामबागेत गाडी अडली. मधल्या काळात जीएसटी कमी होईल म्हणून थांबला, ते मला पटलं. लाल किल्ल्यावरून 15 ऑगस्ट 2025 ला घोषणा झाल्यावर लगेच जाऊन घेणारा वेडाच. 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, लहान गाड्यांवरचा सेससकट 29 ते 31 टक्के कर थेट 18 वर आला. त्याआधी पितृपक्षच होता, तसंही कोण घेतंय?

पण दसरा गेला, पाडवा गेला. आता त्याला 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने इंजिन खराब होईल अशी धास्ती. मी म्हटलं, अरे, उसाच्या जिल्ह्यात राहतोस आणि इथेनॉलला घाबरतोस? तर म्हणाला, "तुला तिथं बसून बोलायला काय जातंय!"

तिथं म्हणजे जर्मनीत, श्टुटगार्टला. गाड्यांच्याच गावात. इथेही लोक थांबलेत, पण त्यांच्याकडे कारण तरी आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या बॉशने 2025 मध्येच 13,000 नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. खालच्या मजल्यावरचे शेजारी जुनी गोल्फ गाडी टीयूव्हीतून, म्हणजे इथल्या पासिंगमधून, काढून आणतात आणि एखादी मुलाखत पास झाल्यासारखे खूश असतात. बरं, थांबण्यात फायदाच असतो असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये इथल्या सरकारने ई-गाड्यांचं अनुदान एका शनिवार-रविवारात बंद केलं. आणखी थोडं बघू म्हणणारे हात चोळत बसले.

हे मी दादाला ऐकवते. शेजाऱ्यांना दारात एस-बान, म्हणजे इथली लोकल, आहे, ते बाकी सांगत नाही. आमच्याकडे बाबांना मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं तर जुनी मारुती 800. तिचं डावं दार बाहेरून उघडत नाही. बाबा आधी आत बसतात, आडवे वाकून आतली कडी ओढतात, मग आई बसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे का करायचं? जगात शांतता नांदेपर्यंत?

मी पैसे देते म्हटलं. ते तर त्याला अजिबातच आवडलं नाही. "पैशाचा प्रश्न कुठाय?" मला राग आला, युरोचा माज करतेय असं वाटलं असणार त्याला. थोडा असेलही. फोनवरून दुसरं करता तरी काय येतं?

मग परवा त्याने एकदाचं खरं काय ते सांगितलं. "तुम्ही परत येणार का ते सांग. येणार असाल तर सगळे मावतील अशी मोठी बघू. चार मीटरच्या वर गेली की 40 टक्के कर, तरी बघू. नाही तर या दोघांना छोटी बास."

मी म्हटलं, लेकीची चौथी होऊ दे, पुढं कुठल्या शाळेत घालतायत ते कळू दे, मग ठरवू.

"ठरवा निवांत," दादा म्हणाला. "800 चं पासिंग नुकतंच करून घेतलंय. पाच वर्षं घोर नाही."