उणे पंधरात तंबू ठोकलात, म्हणून पाच अंशांचं पाणी सोपं?

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांचा व्हिडिओ, मागे बर्फाने भरलेले सुळके, पुढे काळ्या सूटमधले सर्फर आणि खाली मजकूर. त्याचा गोषवारा असा: 'हिमालयात उणे पंधरात तंबू ठोकणाऱ्याला पाच अंशांचं पाणी म्हणजे काहीच नाही. थंडीची सवय आहे, स्टॅमिना आहे, सूट तर वॉटरप्रूफच असतो. मार्च-एप्रिलमध्ये स्कीइंगला जा आणि एक दिवस सर्फिंग उरकून या. बोर्ड तरंगतो, त्यामुळे पोहता आलं नाही तरी चालतं. बाहेर आलं की दोन घोट रम.' शेवटी 'डोंगरवेड्यांना पाठवा' आलंच.

जागा खरी आहे. ती उनस्टाड, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंश उत्तर अक्षांशावर. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूने थेट उत्तर अटलांटिक. १९६३ साली थोर फ्रांत्सेन आणि हान्स एगिल क्राने या दोघांनी घरीच बनवलेले बोर्ड घेऊन इथल्या लाटा पहिल्यांदा पकडल्या. आज तिथं सर्फिंगची शाळा आहे, स्पर्धा होतात. डोंगरवाल्यांनी तिथं जरूर जावं. माझं भांडण व्हिडिओशी नाही, खालच्या मजकुराशी आहे.

पहिला मुद्दा तापमानाचा. उणे पंधरा आणि अधिक पाच हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं हीच मुळात फसवणूक. एक आकडा हवेचा आहे, दुसरा पाण्याचा. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय डोंगरात थंडी हळूहळू चढते. बोटं बधिर व्हायला लागतात, आपण हातमोजे बदलतो, स्टोव्ह पेटवतो, सूप पितो. विचार करायला वेळ मिळतो. पाण्यात तो मिळत नाही. त्वचा एकदम गार पडली की शरीर आपल्याला न विचारता एक मोठा श्वास आत ओढतं. मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. इंग्रजीत याला 'कोल्ड शॉक' म्हणतात. तो पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर पुढचं सांगायला नको. माणूस गारठून मरतो ही आपली कल्पना. पण थंड पाण्यातले बरेच मृत्यू गारठण्याची वेळ येण्याआधीच झालेले असतात.

कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी हे १-१०-१ अशा सूत्रात बसवलंय. सूट नसताना बर्फासारख्या पाण्यात पडलात, तर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी १० मिनिटं आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. मधल्या १० मिनिटांकडे गिर्यारोहकांनी नीट बघावं. मेंदू शाबूत, दम शाबूत, पण बोटं मिटत नाहीत आणि दंड उचलत नाहीत. चांगला सूट हे सगळं खूप लांबवतो, म्हणून तर लोक तिथं तासन्‌तास लाटांत असतात. पण तो सूट आहे म्हणून, हिमालयात जाऊन आले म्हणून नाही.

'थंडीची सवय आहे.' कुठल्या थंडीची? उंचीवर शरीर रुळतं ते विरळ हवेला: श्वास वाढतो, तांबड्या पेशी वाढतात. त्याचा पाण्यातल्या त्या पहिल्या श्वासाशी काडीचा संबंध नाही. मेसेजवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कोल्ड शॉकची सवय होते, आणि लवकर होते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांच्या गटाने दाखवलंय की गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनी हा झटका जवळपास निम्मा होतो. पण त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं, लडाखमधली खारदुंग ला ही खिंड चढून चालत नाही. आणि झटका कमी झाला तरी शरीर गार पडायचं थांबत नाही.

आता वॉटरप्रूफ सूट. इथं डोंगराची सवय नुसती निरुपयोगी नाही, नडते. आपण शिकलोय की थरावर थर चढवा, एक साइज मोठा घ्या, आत फ्लीस मावला पाहिजे. वेटसूट याच्या बरोब्बर उलटा. त्यात पाणी शिरतंच. ऊब राखतात ते सूटच्या निओप्रीन नावाच्या रबरातले वायूचे बुडबुडे, आणि आत आलेलं थोडं पाणी अंगाला चिकटून तिथंच राहिलं तरच त्यांचा उपयोग. सूट ढिला असेल, तर लाटेखाली जाताना मानेतून गार पाणी पाठीवर ओतलं जातं, पुढच्या लाटेला ते निघून नवं येतं. एक साइज मोठा घेणाऱ्याला प्रत्येक लाटेला नवी अंघोळ. उनस्टाडच्या हिवाळ्यात लागतो तो पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, टोपी जोडलेला सूट, जाड बूट आणि हातमोजे. मोजे सगळ्यात शेवटी चढवायचे, कारण ते हातात आले की छातीवरची झिप स्वतःला लावता येत नाही. दुसरा मोजा दातांनी ओढावा लागतो. आणि हा सगळा सोहळा किनाऱ्यावरच्या वाऱ्यात! खरा दम तिथंच निघतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

स्टॅमिनाचं थोडक्यात सांगतो. चढाईत काम करतात मांड्या आणि पोटऱ्या. सर्फिंगमध्ये बहुतेक वेळ पोटावर पालथं पडून हातांनी वल्हवण्यात जातो. खांदे, पाठ आणि मान, तेही जाड रबर ताणत. कळसूबाई धावत चढणारे लोक पंधरा मिनिटांत हात टेकतात.

मार्च-एप्रिलचा सल्ला सगळ्यात फसवा, कारण वरवर तो शहाणपणाचा वाटतो. ध्रुवीय रात्र संपलेली असते, ऊन असतं, स्की टूरिंगला बर्फ मस्त असतो. पण समुद्र हवेच्या मागून गार होतो आणि मागूनच तापतो. उनस्टाडचं पाणी सर्वात थंड असतं ते नेमकं हिवाळ्याच्या अखेरीस, साधारण चार-पाच अंश. म्हणजे डोंगरवाल्यांचा उत्तम हंगाम तोच पाण्याचा कडक हंगाम. बरं, मग उन्हाळ्यात जावं? जा. पाणी बारा-तेरा अंशांपर्यंत जातं, लाटा सहसा लहान असतात. पण कोल्ड शॉक दहा ते पंधरा अंशांतही जवळपास तेवढ्याच जोराने बसतो, हेही ध्यानात असू द्या.

'पोहता आलं नाही तरी चालतं' हे वाक्य लिहिणाऱ्याला मी खरंच भेटू इच्छितो. बोर्ड पायाला बांधलेला असतो तो लीश नावाच्या दोरीने, आणि लीश तुटते. तुटते ती नेमकी मोठ्या लाटेत. मग तुम्ही, जाड सूट, आणि किनाऱ्यापासून आत ओढणारा रिप प्रवाह. लीश म्हणजे क्लाइंबिंगचा रोप नव्हे, तिच्यावर जीव टांगू नये. पोहणं येत नसेल तर आधी तरणतलाव, मग गोवा किंवा कर्नाटकातलं मुल्की. पावसाळा सोडून तिथल्या कोमट पाण्यात बोर्डवर उभं राहायला शिका. उभं राहण्याची धडपड आणि थंडी ही दोन्ही एकाच दिवशी शिकायची काय गरज आहे?

आणि रम. दारूने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते. पाण्यातून बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराच्या गाभ्याचं तापमान घसरत राहू शकतं. त्यामुळे त्या वेळी हवे कोरडे कपडे, टोपी, गरम गोड चहा. गाडी चालवायची घाई नको. नेहमी जाणार असाल तर कानात बोळे घाला. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं लागला की कानाच्या नळीत हाड वाढतं, आणि ते काढायला शस्त्रक्रिया लागते.

एवढं सांगितलं की ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं: 'आमच्यातले दोघं जाऊन आले, काही झालं नाही.' नाहीच होणार. तोच व्हिडिओ पुन्हा बघा. पर्यटक आहेत ते खाडीच्या मधोमध, वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात. दोन्ही टोकांना जिथं लाट गोट्यांवर फुटते, तिथं त्यांच्यातलं कुणी नाही. आणि फ्रेमच्या डाव्या कडेला, छातीएवढ्या पाण्यात त्यांच्याकडे तोंड करून एक माणूस उभा आहे. तो शिक्षक. मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही.