मोजक्या म्हणजे नक्की किती?

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून कट्ट्यावर उलगडला. आत वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलची चासी. मधोमध केसाएवढी चीर, कडा फुगलेल्या. नखाने जरा टोकरलं तर खडूसारखा तुकडा हातात आला.

"रुळांवर दहा वेळासुद्धा धावलं नसेल," मास्तर म्हणाले आणि कंपनीचं उत्तर वाचायला लागले. मोजक्या ग्राहकांनी असा अनुभव कळवला आहे, मॉडेल कोरड्या जागी ठेवावं, दर्जाशी आमची बांधिलकी कायम आहे.

"मग चूक काय त्यात?" अण्णा म्हणाले. "दमट हवेत हा धातू बिघडतोच."

"अर्धंच खरं आहे, अण्णा," धाकटा उसळला. ओतकामाच्या कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळे या विषयावर त्याला आवरणं कठीण. "जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की कणाकणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो आणि तुकडा फुगून फुटतो. ओलावा हे काम लवकर उरकतो, एवढंच. जस्त चोख असेल तर दमट हवेतही असं भुसभुशीत होत नाही. अहो, 1929 साली झमॅक हा मिश्रधातू काढला तो 99.99 टक्के शुद्ध जस्त घेऊन, याच रोगावर उपाय म्हणून! दोष ओतण्यात आणि उपदेश कपाटाबद्दल."

अण्णा हटणारे नव्हेत. उत्पादनाच्या खेपा छोट्या, कारखाना दुसऱ्याचा, साचे महाग. शिवाय तुम्ही लोक भिंग घेऊन रिव्हेट मोजणार. कंपनीने किती जणांची समजूत काढायची?

यावर मास्तर जे बोलले ते मला पटलं. ‘ओओ’ या ब्रिटिश मापाचं रेल्वे मॉडेल 1:76.2 प्रमाणाचं, पण धावतं 16.5 मिलिमीटर रुंदीच्या रुळावर. हिशोबाने रूळ हवा जवळजवळ 18.83 मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीच्या मापात रूळ सुमारे 18 सेंटिमीटर अरुंद! एवढी ढळढळीत तडजोड कित्येक पिढ्या चालवून घेतायत, कारण कुणी ती लपवलेली नाही. ज्याला खुपते तो स्वतः अचूक मापाचा रूळ घालतो. "फुटलेली चासी बदलून दिली असती तर मी ब्र काढला नसता," मास्तर म्हणाले. "पण ‘अनुभव’? भेग पडली धातूला, अनुभव आला मला!"

धाकट्याने मग हॉर्नबी या ब्रिटिश रेल्वे मॉडेल कंपनीचं उदाहरण काढलं. 2013 च्या सुमारास त्यांनी काही मॉडेलांवर कठडे वेगळे न बसवता अंगच्या साच्यातच घेतले आणि या पद्धतीला नाव दिलं ‘डिझाइन क्लेव्हर’. काटकसर म्हणाले असते तर निम्मे लोक मान हलवून गप्प बसले असते. हुशारी म्हटलं आणि टीका ओढवून घेतली. (मला स्वतःला साच्यातले कठडे चालतात. वेगळे बसवलेले माझ्या हातून हमखास मोडतात.)

"ते ‘मोजक्या’चं सांगा आधी," मी म्हटलं. "किती विकली, त्यातली किती फुटली? वरचा आकडा नाही, खालचा नाही, मग मोजलं कुणी?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. चासी उचलून उलटी केली आणि खालचा खेपेचा नंबर डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"माझं अजून खोक्यातच आहे," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.