‘आधी ऐंशीला पोचा, मग बोला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी गिल्ड वॉर्स २ हा एमएमओ, म्हणजे हजारो लोक एकाच जगात ऑनलाइन खेळतात तसा गेम, खेळायला घेतल्यावर सुरुवातीला काय काय वाटलं ते लिहिलं होतं. त्यावर काल रात्री एक प्रतिक्रिया आलीये, नाव न देता. ती अशी : ‘ताई, चार दिवस खेळून एमएमओवर लिहू नये. लेव्हल ऐंशी झाल्याशिवाय या गेमबद्दल मत द्यायचा अधिकारच नाही, खरा गेम तिथून सुरू होतो. लॅग तुमच्या नेटचा आहे, गेमचा नाही. फुकट फुकट म्हणता, एक्सपान्शनचे पैसे कोण सांगणार? रेडबद्दल एक ओळ नाही. त्यापेक्षा तुम्ही कँडी क्रश खेळा.’

(नवीन वाचकांसाठी : ऐंशी ही या गेममधली शेवटची लेव्हल, लॅग म्हणजे बटण दाबल्यावर गेमने उशिरा हलणं, एक्सपान्शन म्हणजे मूळ गेमला जोडून घ्यायचे नवे भाग, आणि रेड म्हणजे गट करून खेळायच्या अवघड लढाया.) उत्तर छोटंच देणार होते पण लिहिता लिहिता एवढं झालं की वेगळी पोस्टच करतेय.

सगळ्यात आधी ते शेवटचं वाक्य. कँडी क्रश वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, माझी आई रोज दुपारी खेळते आणि मन लावून खेळते. पण तुम्ही ते वाक्य गेम सुचवायला लिहिलेलं नाही, मला दार दाखवायला लिहिलंय, आणि सुरुवातीला ‘ताई’ लावलं म्हणून ते दार दाखवणं काही आदराचं होत नाही. हेच लिहिणारा मुलगा असता तर तुम्ही त्याला काय म्हटलं असतं? ‘भाऊ, अजून खेळ, मजा येईल’ असंच म्हटलं असतं ना? मग मला काऊन नाही?

आता तुम्हाला माझी माहिती नाही म्हणून सांगते. प्रतापनगरात आमच्या बाबांचा सायबर कॅफे होता, आधी एसटीडी पीसीओ होता त्याचा कॅफे केला. कॉलेजातून आले की संध्याकाळी काउंटरवर मीच बसायची. काउंटर स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा गेम अपडेट करून प्रत्येक मशीनवर टाकायचं, कुणाचा माऊस अडकला तर बॉल काढून पुसून द्यायचा, लाइट गेली की इन्व्हर्टरवर कोणती मशीन चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची ते ठरवायचं, हे सगळं माझ्याकडे. आणि तिथे येणारी इंजिनिअरिंगची पोरं रोज एकच गोष्ट सांगायची, ‘तू आधी शीक, मग टीममध्ये घेऊ’. अरे खेळू दिल्याशिवाय शिकणार कशी? शेवटी कॅफे बंद झाल्यावर रात्री शटर अर्धं पाडून एकटी बॉट्सशी, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या खेळाडूंशी, खेळायची, डस्ट टू या मॅपचा कोपरा न् कोपरा पाठ केला, आणि एक दिवस एक जण कमी पडला तेव्हा बसवलं त्यांनी मला. त्यानंतर मला कुणी थांबवलं नाही. म्हणून तुमचं ‘आधी ऐंशीला पोचा मग बोला’ वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही, तेच वाक्य आहे ते, फक्त गेम बदललाय.

बरं, आता मुद्द्याचं. मागच्या पोस्टच्या शीर्षकातच ‘पहिलं इम्प्रेशन’ असं लिहिलंय. पहिलं इम्प्रेशन ऐंशीव्या लेव्हलला कसं येईल? ज्याने हा गेम वर्षानुवर्षं खेळलाय त्याला पहिला तास आठवतच नाही, आणि आठवला तरी तो तेव्हाचा, आत्ताचा नाही. नागपुरात नव्याने बदली होऊन आलेला माणूस आठ दिवसात सांगतो की सीताबर्डीत गाडी लावायला जागा मिळत नाही, इथे जन्मलेल्याला ते जाणवणंच बंद झालेलं असतं. नवीन माणसाला जे दिसतं ते खोटं नसतं, आणि गेम डाउनलोड करावा की नाही हे ठरवणाऱ्या माझ्या वाचकाला तेच हवं असतं. त्याला रेडमध्ये काय होतं याच्याशी आज काही घेणंदेणं नाही.

दुसरं म्हणजे तुमचं हे वाक्य बाकी एखाद्या एमएमओला लागू होत असेल, या गेमला तर सगळ्यात कमी लागू होतं, आणि तुम्ही जुने खेळाडू असाल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला पाहिजे. गेम २८ ऑगस्ट २०१२ ला आला तेव्हा लेव्हलची मर्यादा ऐंशी होती, त्यानंतर एवढे एक्सपान्शन आले तरी ती ऐंशीच आहे. वरून तुम्ही ऐंशीचे असलात तरी खालच्या लेव्हलच्या मॅपवर, म्हणजे गेमच्या जगातल्या सुरुवातीच्या भागात, गेलात की गेम तुमची लेव्हल तिथल्या हिशोबाने खाली आणतो. हे काऊन केलंय? जुन्या लोकांनी सुरुवातीच्या मॅपवर यावं आणि तिथे त्यांनाही खेळायला काही उरावं म्हणूनच ना. मग ‘खरा गेम तिथून सुरू होतो’ हे बनवणाऱ्यांच्याच डोक्यात नव्हतं.

आणि हे मी नुसतं विकीवर वाचून सांगत नाहीये. क्वीन्सडेल मॅपवर गॉड्सलॉस्ट स्वॉम्प म्हणून दलदल आहे, तिथे दर दोन तासांनी शॅडो बेहेमथ नावाचा मोठा बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचा राक्षस, येतो. मी रेंजर, म्हणजे हातात धनुष्यबाण आणि सोबत एक पाळीव प्राणी, लेव्हल अजून खूपच कमी. बॉसला मधेमधे काहीच लागत नाही, तेव्हा आजूबाजूचे पोर्टल, म्हणजे जादूची दारं, फोडायचे असतात, मला ते माहीत नव्हतं, मी आपली बाण मारतच राहिली आणि खाली पडली. या गेममध्ये पडलं की लगेच मरत नाही, जमिनीवर पडल्या पडल्या वेगळी चार बटणं मिळतात, रेंजरच्या एका बटणाने सोबतचा प्राणी येऊन जखमा चाटून उठवायला लागतो. माझं अस्वल धावत आलं पण तेवढ्यात चिखलातून निघालेले ते काळे जीव माझ्यावर होतेच. तेव्हा एक जण रॅप्टरवरून, म्हणजे स्वारीच्या डायनोसॉरसारख्या प्राण्यावरून, आला, उतरला, आणि बॉसला मारायचं सोडून माझ्याजवळ वाकून मला उठवायला लागला, मग त्याला पाहून आणखी दोघं आले. मी उठल्यावर त्याने एका पोर्टलकडे जाऊन तिथेच दोनदा उडी मारली, म्हणजे इकडे मार. एक शब्द टाइप केला नाही त्याने.

रॅप्टर आहे म्हणजे त्याच्याकडे बहुतेक एक्सपान्शन असणार, माझ्यापेक्षा जुना असणार, कदाचित ऐंशीचाही असेल. त्याने मला विचारलं नाही की तुझी लेव्हल किती, तुला इथे उभं राहायचा अधिकार आहे का. इथे कुणीही कुणालाही उठवू शकतं, राक्षसाला दोघांनी मारलं तर दोघांनाही मिळतं, खाणीतलं लोखंड मी काढलं म्हणून दुसऱ्याचं संपत नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी जे लिहिलं होतं की इथली माणसं चांगली वाटली, ते याच्यावरून लिहिलं होतं. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत आणि वागलात मात्र बरोबर उलटं.

आणि लेव्हल ऐंशी झाल्यावर मी हे असंच लिहिलं असतं का? नाही लिहिता आलं असतं. तेव्हा मी पडलीच नसती तिथे.

बाकीचं पटकन. एक्सपान्शनचं तुमचं बरोबर आहे, मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे आणि महिन्याची फी नाही एवढंच मी लिहिलं होतं, एक्सपान्शन विकत घ्यावे लागतात आणि फुकट अकाउंटला दोनच कॅरेक्टर मिळतात हे त्या पोस्टमध्ये आता जोडलंय. लॅगचं मात्र अजिबात पटलं नाही. माझ्याकडे फायबर आहे, केबल थेट लावलेली आहे, आणि खाते बनवताना गेम विचारतो अमेरिका की युरोप, भारत हा पर्यायच नाही, तर नागपूरहून युरोपला जाऊन यायला वेळ लागणारच, आणि डॉज करताना, म्हणजे वार चुकवताना, तो कळतो. ते माझ्या नेटवर ढकलू नका. रेडबद्दल मी लिहिलं नाही कारण मी रेड खेळलेली नाही, न खेळलेल्या गोष्टीवर लिहिलं असतं तर तुमचा राग बरोबर होता.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाहीये, जशी आहे तशी खाली राहील. तुम्हाला रेडबद्दल एवढं कळतं तर लिहून पाठवा, नवीन माणसाला समजेल असं, मी तुमच्या नावाने टाकते इथे. पण नाव द्यावं लागेल. आणि परत कँडी क्रश म्हणालात तर मात्र छापणार नाही.